रा. रा. टाऊराव प्रथिने यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री टाऊराव प्रथिने यांस,
मुक्काम मेंदू, कानशिलाच्या आतल्या अंगाला, हिप्पोकॅम्पसच्या उंबऱ्यापाशी.

सा. न. वि. वि.

आपण गेली काही वर्षं अल्झायमरच्या निमित्ताने आमच्या आत्याकडे मुक्कामाला आहात आणि आपले आभार मानायचे राहूनच गेले. पाहुण्यांचे आभार ते निघताना मानायची आपल्याकडे पद्धत आहे. आपण एकदा आलात की निघत नाही, असं डॉक्टरांकडून कळलं. म्हणून हे पत्र.

पहिले आभार आपल्या शांत स्वभावाचे. मुतखडा माणसाला गडाबडा लोळवतो. दाढ ठणकली तर अख्खं घर जागं होतं. आपलं तसं नाही. आपलं आणि आपले थोरले बंधू ॲमिलॉइडराव यांचं काम पंधरा-वीस वर्षं आतल्या आत चालू असतं. तेवढ्या काळात माणूस नोकरी करतो, मुलींची लग्नं उरकतो, पंढरपूरला जाऊन येतो. कुठे काही दुखत नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, या त्याच्या गैरसोयीचा एवढा चोख फायदा आजवर दुसऱ्या कुणी घेतला नसेल.

आपण जन्मजात गुंड आहात असं काही लोक समजतात. हा आपल्यावर अन्याय आहे, आणि आपल्या बाजूने साक्ष द्यायला मी केव्हाही तयार आहे. चेतापेशीला लांबलचक शेपटी असते आणि तिच्यातून अन्न, रसायनं, निरोप यांची ने-आण अखंड चालते. ही वाहतूक ज्या सूक्ष्मनलिकांवरून होते त्यांना रूळ म्हटलं, तर ते जागेवर धरून ठेवणारे स्लीपर म्हणजे आपण. १९७५ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात आपला शोध लागला तो या सत्कार्यासाठीच. तेव्हा आपल्यावर गुन्ह्याची नोंद नव्हती.

योगायोग पाहा. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १९७४ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस यांनी देशभरातली रेल्वे वीस दिवस बंद पाडली होती. सुमारे सतरा लाख कामगार संपावर. हेच जॉर्ज, ज्यांनी १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या दिग्गजाला पाडलं आणि ज्यांच्या हाकेसरशी मुंबईतल्या टॅक्स्या उभ्या राहायच्या. पुढे आपण त्यांच्याकडे गेलात. २०१९ मध्ये ते वारले, पण त्याआधीची कितीतरी वर्षं त्यांना ना संप आठवत होता ना संपकरी. रेल्वे थांबवणाऱ्याच्या डोक्यातले रूळ आपण उखडलेत, तेही एक मागणी न मांडता. निदान चौदा दिवसांची नोटीस तरी द्यायची. कामगार चळवळीत तेवढी रीत असते.

संपाची आपली तऱ्हाही खानदानी. आपल्या अंगावर फॉस्फेटचे दागिने असतात. थोडेसे लागतातच, त्यांनी काम नीट चालतं. पण अल्झायमरच्या मेंदूत आपण नेहमीच्या तिप्पट-चौपट चढवून घेता. मग रुळावरची आपली पकड सुटते आणि आपण आपसांतच गुंतू लागता. एकमेकांना पीळ घातलेल्या दुहेरी धाग्यांसारखी आपली ती मूर्ती १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसली. पेशी गुदमरते, मरते, विरघळून जाते. आपण मागे राहता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण रचणाऱ्याने आपल्याला पाहिलं नव्हतं याचं नवल वाटतं.

वर आपला लोकसंग्रह दांडगा. वाकड्या वळणाला लागलेला आपला एक रेणू शेजारच्या धडधाकट रेणूला आपल्यासारखंच वळण लावतो, आणि ही दीक्षा एका पेशीकडून दुसरीकडे जाते. हाइको आणि एवा ब्राक या जर्मन दांपत्याने १९९१ मध्ये आपल्या या दिग्विजयाचे सहा टप्पे आखून दाखवले. सुरुवात नव्या आठवणींचं दार असलेल्या हिप्पोकॅम्पसच्या उंबऱ्यावर, मग खुद्द हिप्पोकॅम्पस, शेवटी मेंदूचा सगळा बाह्यभाग. इतक्या शिस्तीत चढाई करणारं सैन्य आमच्या इतिहासाच्या पुस्तकातही फार नाही.

आपला पहिला जाहीर सत्कार मात्र जरा फिका झाला, त्याचं वाईट वाटतं. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाच्या एक्कावन्न वर्षांच्या बाईंना आणलं. नवरा रेल्वेत कारकून. (पुन्हा रेल्वे. या खात्याची आपल्याला ओढच दिसते.) डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी नाव विचारलं. ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगस्टे. बाई जेवत होत्या फ्लॉवर आणि डुकराचं मांस, आणि काय खाताय म्हटल्यावर सांगत होत्या पालक. एप्रिल १९०६ मध्ये त्या गेल्या. तोवर म्युनिकला गेलेल्या डॉक्टरांनी मेंदू मागवून घेतला, त्याचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवले, आणि पेशींमध्ये वेटोळी घालून बसलेले आपण दिसलात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी आपली हकिगत वाचली. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. पुढे १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी स्वतःच्या पाठ्यपुस्तकात आजाराला नाव दिलं, तेही डॉक्टरांचं. कष्ट आपले आणि पाटी दुसऱ्याची! त्या वेटोळ्यांत बसलेले ते आपणच, हे सिद्ध होईपर्यंत १९८० चं दशक अर्धं सरलं. जवळपास ऐंशी वर्षं फरार राहून दाखवणं हे काही खायचं काम नाही.

आणि फरारी संपली तरी आपल्याला धक्का लागला नाही, कारण थोरले बंधू आडवे आले. १९९२ मध्ये सिद्धान्त मांडला गेला की आजाराचं मूळ कारण ॲमिलॉइड हे प्रथिन, बाकीचे सगळे त्याच्या मागून येणारे. औषध कंपन्या मुख्यतः त्यांच्याच मागे धावल्या. ॲमिलॉइडराव धुतल्या तांदळासारखे आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांचं साचणं आधी सुरू होतं आणि त्यामुळेच आपल्याला चेव येतो, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पण माणसाची स्मरणशक्ती किती गेली याचा हिशोब त्यांच्या थरांशी फारसा जुळत नाही. तो जुळतो आपण कुठवर पोचलात त्याच्याशी.

कोलंबियातल्या त्या बाईंची गोष्ट आपण विसरला नसाल. (विसरणं हे आपलं काम नव्हे. ते आपण दुसऱ्यांकडून करून घेता.) तिथल्या अँटिओकिया प्रांतात काही घराण्यांत एक जनुकीय दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो असलेली माणसं चव्वेचाळिशीच्या सुमारास विसरू लागतात. या बाईंमध्ये तो दोष होता, मेंदूत ॲमिलॉइड ठासून भरलेलं होतं, आणि तरी सत्तरीपर्यंत बाई ठणठणीत. २०१९ मध्ये त्यांची तपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की आपला शिरकाव फार झालाच नव्हता, बहुधा एका दुसऱ्या दुर्मीळ जनुकबदलामुळे. भाऊ घरभर आणि आपण दाराशी. तेवढ्यावर त्यांना जवळपास तीस वर्षं जास्तीची मिळाली. आपली किंमत आम्हाला तेव्हा कळली.

भावाच्या मागे लागलेल्यांची फरफट हा आपल्यासाठी करमणुकीचाच कार्यक्रम असणार. एका खास ॲमिलॉइड रेणूने उंदरांची स्मृती जाते असं सांगणारा २००६ चा गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातल्या चित्रांशी छेडछाड झाली होती. २०२१ मध्ये अमेरिकेत एका औषधाला घाईने मान्यता मिळाली, किंमत वर्षाला ५६ हजार डॉलर. त्या निर्णयाच्या निषेधार्थ औषध प्रशासनाच्या तीन सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि २०२४ मध्ये कंपनीने औषधच गुंडाळलं. २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब हे औषध बरं म्हणायचं. अठरा महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, मात्र काहींच्या मेंदूला सूज, काहींच्या मेंदूत बारीक रक्तस्राव. मंदावली म्हणजे थांबली नव्हे आणि गेलेलं परत आलं असं तर नव्हेच. आपल्यावर थेट सोडलेल्या प्रतिपिंडांच्या पहिल्या फळीनेही हात टेकले. आपलं अभिनंदन.

आता घरचं. आमची आत्या कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि गावोगावचे नंबर तोंडपाठ. इचलकरंजीच्या एका सूतव्यापाऱ्याचा तीन आकडी नंबर ती आजही झटक्यात सांगते. आज सकाळी कुणाचा फोन आला होता ते मात्र नाही. गप्पा मारता मारता तिचा आवाज एकदम सरकारी होतो आणि ती विचारते, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं?" हा आपला मोठेपणा. नव्या आठवणी हिप्पोकॅम्पसमधून जातात, तो आपण आधी ताब्यात घेतलात. जुन्या आठवणी मेंदूच्या बाह्यभागात मुरलेल्या असतात. तिथवर पोचायला आपल्याला वेळ लागतो, एवढंच. इचलकरंजीवाला तोवर सुरक्षित आहे.

आमच्याकडे अकरा वर्षं कामाला येणाऱ्या मावशींना आपण एका दुपारी चोर ठरवलंत, त्याबद्दल आभार मानावेत तेवढे थोडेच. आत्याच्या पाटल्या सापडेनात. ठेवल्याचं आठवत नाही, वस्तू तर जागेवर नाही, मग तिसऱ्या कुणी नेली असणार, हे तिचं तर्कशास्त्र तिच्यापुरतं अगदी चोख होतं. ती दारात उभी राहून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलली. चार दिवसांनी पाटल्या रव्याच्या डब्यात निघाल्या, जुन्या मोज्यात गुंडाळून, वरून दोन रबरबँड. पाटल्या मिळाल्या. मावशी परत आल्या नाहीत. आजारपण आहे हो, असं आई त्यांच्या घरी जाऊन सांगून आली. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि नाहीच आल्या.

आम्हाला सराईत खोटं बोलायला शिकवलंत, तेही आपणच. आत्या विचारायची, "दादा कुठाय?" दादा म्हणजे तिचा भाऊ, माझे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली. पहिल्यांदा आम्ही खरं सांगितलं आणि ती ढसाढसा रडली, बातमी त्याच क्षणी आल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच रडणं. एका माणसाचं सुतक रोज नव्याने धरायला लावायचं, हे यमालाही जमलेलं नाही. आता आम्ही सांगतो, बाजारात गेलेत. त्यावर आत्या म्हणते, "दादा? आणि बाजारात?" आणि खुदकन हसते. वडिलांनी आयुष्यात पिशवी धरली नव्हती हे तिला पक्कं ठाऊक आहे.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ती पर्स काखेत घेऊन दाराशी येते. तिला घरी जायचं असतं. ती घरीच असते. तिची समजूत काढायची, चपला काढून घ्यायच्या, रात्री तीनदा उठायचं, कपडे बदलायचे, हे सगळं आईच्या वाट्याला. नणंदेच्या सेवेची एवढी संधी तिला सत्तराव्या वर्षी मिळवून दिलीत. नातेवाईकही मदतीला धावले. भिजवलेले बदाम, ब्राह्मीचं तेल आणि शब्दकोडी असा तिहेरी सल्ला त्यांनी फोनवरून दिला. एक रात्र येऊन झोपतो, असं कुणी म्हणालं नाही.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा होता. कचेरीतल्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला. ऑगस्टेबाईंना डॉक्टरांनी नाव लिहायला सांगितलं तेव्हा त्यांनी 'श्रीमती' एवढं लिहिलं आणि पुढचं विसरल्या, प्रत्येक शब्द नव्याने सांगावा लागला. आत्याने पहिलं अक्षर काढलं, रेघ ओढली आणि पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. जुन्या काळची मॅट्रिक, अक्षर मोत्यासारखं. "राहू द्या, अंगठा चालेल," तो माणूस म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला. आत्याने अंगठा पुढे केला, आणि ती हयात असल्याची नोंद झाली.

या सगळ्यात आम्ही आपल्याला केलेली मदत आपण लक्षात ठेवाल अशी खात्री आहे. आत्या तोच प्रश्न पुन्हा विचारू लागली तेव्हा आम्ही म्हणालो, वय झालं. बाजारातून येताना दोन गल्ल्या चुकली तेव्हाही, वय झालं. साठी बुद्धी नाठी ही म्हण तर आपल्या सेवेला कायमचीच हजर. भारतात साठी उलटलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्यातल्या बहुतेक घरांत सुरुवातीला हेच झालेलं असणार. वय झालेले बाकीचे नव्वदहून अधिक टक्के त्याच वयात भिशीचे हिशोब ठेवतात, पेन्शनमधल्या चुका काढतात आणि सुनांना दहा वर्षांपूर्वीचं बोलणं ऐकवतात, हे आपल्या सोयीसाठी आम्ही विसरतो. 'अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेला संस्कृत पंडित हत्तीमागून चालू लागला, तेव्हा आम्ही थिएटरात डोळे पुसले. घरी येऊन पुन्हा, वय झालं.

मात्र एका बाबतीत आपण जरा गाफील राहिलात, हे हितचिंतक म्हणून कानावर घालतो. आपला एक तुकडा, फॉस्फो-टाऊ २१७, मेंदूतून रक्तात उतरतो आणि फितुरी करतो. रक्तात त्याचं आणि ॲमिलॉइडचं प्रमाण मोजून मेंदूत साचलेल्या आपल्या थोरल्या बंधूंचा सुगावा लावणाऱ्या पहिल्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये परवानगी दिली. घरचा भेदी म्हणतात तो हाच.

दुसरी गोष्ट कानांची. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा गोष्टी मोजल्या, ज्या आवरल्या तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, एकटेपणा, न काढलेला मोतीबिंदू, आणि बहिरेपण. आत्याला ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा मशीन आणलं होतं. नोकरीभर कानाला हेडफोन लावून बसलेली ही बाई म्हणाली, मशीनने मी म्हातारी दिसते. आम्ही फार ताणलं नाही. मशीन अजून डबीत आहे, कोरं करकरीत. आपल्या स्वागताची ती आमच्याकडून झालेली छोटीशी तयारी समजावी.

असो. आपण थकला असाल असं म्हणवत नाही. आत्याच्या आठवणीत आता शोधून नेण्यासारखं फार उरलेलं नाही. इचलकरंजीचा नंबर आहे आणि दादा बाजारात जात नाहीत ही खात्री आहे. यांतलं आधी काय न्यायचं ते आपण ठरवालच. आमचं मत आपण आजवर विचारलं नाहीत, तेव्हा आताही देत नाही.

कळावे. लोभ आटोपता घ्यावा, ही विनंती.

आपल्या यजमानीणबाईंचा,
भाचा

ता. क. हे पत्र आडून वाचणाऱ्यांसाठी: घरातलं माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं, ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागलं किंवा पैशांच्या हिशोबात एकाएकी गोंधळू लागलं, तर त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. दर वेळी टाऊरावच निघतील असं नाही. थायरॉइड कमी पडलं, बी-१२ जीवनसत्त्व कमी झालं किंवा नैराश्य आलं तरीही माणूस विसरतो, आणि या तिन्हींवर औषध आहे.